हाडासाठीच्या स्कॅफोल्डची जाळी हातात चुरतेय, मदत हवी आहे

नमस्कार. मी बेळगावला एम.टेक. करतेय. प्रोजेक्ट हाडाच्या ऊती वाढवण्यासाठी लागणाऱ्या सच्छिद्र स्कॅफोल्डचा, म्हणजे पेशींना आधार देणाऱ्या सांगाड्याचा आहे. सिरॅमिकमधलं किंवा फाउंड्रीतलं जाणतं कुणी असेल तर जरा बघा.

पद्धत स्पंजाची घेतलीय. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांत वितळलेला धातू ओतताना त्यातली मळी अडवायला जे सिरॅमिक फोमचे फिल्टर लावतात, ते याच रीतीनं होतात: पॉलियुरेथेनचा फोम स्लरीत (पाण्यात कालवलेल्या सिरॅमिक पावडरीत) बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा, मग भट्टीत फोम जाळायचा, मागं जाळी उरते. बाबा त्याच धंद्यात, त्यामुळे हे फिल्टर घरात पेपरवेट म्हणूनसुद्धा होते! त्यांना अ‍ॅल्युमिना चालतं. मला हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइट लागतं, कारण हाडातलं खनिज त्याच जातीचं.

पावडर अंड्याच्या कवचांची. कवचं 900 अंशांना भाजायची, झालेला चुना पाण्यात विझवायचा आणि फॉस्फोरिक आम्ल थेंबथेंब सोडायचं, अमोनियानं पीएच 10 च्या वर राखून. कवचं मेसमधून फुकट मिळतात. एक्सआरडी (क्ष-किरणांनी पदार्थ ओळखायची चाचणी) स्वच्छ आलंय, तेव्हा पावडरीवर माझा संशय नाही.

अडचण पुढं आहे. वाळवलेली पावडर थोडी जास्त घातली की स्लरी लगेच घट्ट होते आणि छिद्रं बुजतात. पातळ केली तर थर इतका नाजूक बसतो की भाजल्यावर जाळी बोटांत चुरते. रक्तवाहिन्या आत शिरायला छिद्रं 300 मायक्रॉनच्या वर आणि एकमेकांना जोडलेली हवीत, म्हणून बारीक फोम घेता येत नाही. आतल्या जाळीदार हाडाची दाबशक्ती साधारण 2 ते 12 मेगापास्कल असते. माझा तुकडा मशीनवर ठेवण्याच्या लायकीचा नाही. कण धरून ठेवणारा बाइंडर पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) आहे. मफल फर्नेस (लॅबमधली बंद भट्टी) 1100 अंशांच्या पुढं जात नाही. गाईड म्हणतात जिलेटिन घालून फ्रीझ-ड्राय कर, म्हणजे गोठवून निर्वातात सुकव. पण ते ओलं झालं की मऊ पडतं, मन घेत नाही.

बाइंडर बदलू, की खानापूरच्या कुंभारांकडं भाजून घेऊ?

प्रतिसाद

ताई, खानापूरच्या भट्टीचा नाद सोडा. लाल मातीला हजाराच्या आत भागतं, तुमच्या मालाला 1200 ते 1250 लागणार. सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्यांची भट्टी शोधा. 1350 कडं मात्र जाऊ नका, पदार्थाचं विघटन होऊन ट्रायकॅल्शियम फॉस्फेट व्हायला लागतं.

पण आधी पावडर बघा की ओ. एक्सआरडी स्वच्छ म्हणजे पदार्थ बरोबर, कण कसे आहेत ते त्यात कुठं कळतंय? असा साका फार बारीक असतो, सगळं पाणी तोच पितो. 900 ला दोन तास भाजा, मग बॉल मिलमध्ये दळा. त्याच पाण्यात कितीतरी जास्त पावडर मावेल. सोबत कण सुटे ठेवायला अमोनियम पॉलीअ‍ॅक्रिलेट थोडंसं. पीव्हीए राहू दे.

फोम आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवून धुवा, थर धरतो. पहिला थर वाळला की पातळ स्लरीचा दुसरा द्या. 600 अंशांपर्यंत मिनिटाला एकच अंश, नाहीतर फोमचा धूर जाळी फोडतो.

धागाकर्ती

पावडर भाजायला आमची मफल पुरेल, उद्याच लावते. दुसरा थर बुडवून द्यायचा की फवारून? आणि फोम जळला की काड्या आतून पोकळ राहतात, त्यावर काही उपाय?

प्रतिसाद

फवारा. बुडवलात तर परत छिद्रं बुजतील. पोकळी या पद्धतीत राहतेच. पहिल्यांदा भाजल्यावर जाळी व्हॅक्यूममध्ये पातळ स्लरीत ठेवली तर थोडी भरते.