'धूर' हा लेख सुधारायचाय, काय घालू आणि काय गाळू?

शेवंता
नमस्कार मंडळी. मराठी विकिपीडियासाठी 'धूर' लेख वाढवायला घेतलाय. खर्डा सध्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर आहे (हो, धूर धूळपाटीवर. हसून घ्या). इंग्रजी लेख समोर ठेवून भाषांतर करत होते, पण 'हवेत तरंगणारे कण व वायू यांचे मिश्रण' इथून पुढे सगळं परकं वाटायला लागलं. लंडन, अग्निशमन, धूरशोधक यंत्र... आणि चूल कुठेच नाही. सुचवा.

पाटावरवंटा
व्याख्या बरोबर आहे, पण अर्धी. जळण अपुरं होतं म्हणून धूर होतो, हे पहिल्या दोन ओळींत यायलाच हवं. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू आणि डांबरासारखी वाफ निघते. ती पेटली तर जाळ, न पेटता गार झाली तर धूर.

मेणबत्ती फुंकून बघा. वातीतून पांढरी रेघ वर चढते. त्या रेघेला वरच्या वर पेटती काडी लावा, ज्योत रेघेवरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते! ती रेघ म्हणजे मेणाची गार झालेली वाफ. याचा व्हिडिओ स्वतः काढून कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्र-व्हिडिओंच्या सामायिक साठ्यावर) चढवा, दोन परिच्छेद वाचतील.

घटपट
'पर्वतो वह्निमान् धूमात्' (डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय) नसेल तर तो मराठी लेख कसला? पण लोक हे वाक्य टाकून मोकळे होतात, खरी गंमत पुढे आहे. धूर दिसला तर आग आहे म्हणता येतं, उलट म्हणता येत नाही. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं उदाहरण आहे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही. धुराला 'आर्द्रेन्धनसंयोग' लागतो, म्हणजे आगीची ओल्या सरपणाशी गाठ पडावी लागते. तर्कशास्त्रात अशा जादा अटीला उपाधी म्हणतात. वरच्या प्रतिसादाला लागूनच हा परिच्छेद घ्या, 'सांस्कृतिक महत्त्व' असा खालचा कोपरा देऊ नका.

माळरान
घटपट, +१. फक्त कोरड्या लाकडाचाही धूर होतो, हे तिथेच सांगा, नाहीतर वाचक गोंधळेल. ओल्यात उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते, जाळ नीट धरत नाही, म्हणून धूर जास्त. ओलं लाकूड चुलीत घातलं की बाहेरच्या टोकाला फेस येऊन चुरचुरतं, तोच पुरावा. टायर किंवा रॉकेलच्या चिमणीचा काळा धूर वेगळा, त्यात काजळी असते. दिव्यावर ताटली धरून काजळ धरायचे ते हेच.

आरोग्याचा भाग आखडू नका. लाकडाच्या धुरातले बहुतेक कण १ मायक्रोमीटरहूनही लहान असतात, आपला केस साधारण ७०. घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आगीतही भाजून मरण्यापेक्षा धुराने गुदमरून मरणारे जास्त. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट धरतो आणि त्याला वासही नसतो.

कानामात्रा
शब्दांकडे बघा हो. धूम म्हणजे धूर, धूम्र म्हणजे धुराच्या रंगाचं. त्यामुळे 'धूमपान' शुद्ध, 'धूम्रपान' रूढ. लेखात रूढच ठेवा, तळटीप द्या, भांडू नका. धुरळा म्हणजे धूळ, तो इथे नको. पालिकेची डासांसाठीची 'धूरफवारणी' हाही खरा धूर नव्हे, तेलात मिसळलेल्या औषधाचे बारीक थेंब असतात ते.

आणि १९५२ चं लंडन, म्हणजे तिथलं जीवघेणं धुरकं, 'धुरके' या लेखात हलवा, इथे एक ओळ पुरे.

शेवंता
आभार! लंडनची दोन पानं उडवली, जीव हलका झाला. आजी फुंकणी घेऊन डोळे पुसत बसायची, ते लिहायचा मोह होतोय, पण संदर्भ कुठून आणू? आवरते. बाळंतिणीची धुरी आणि ऊद मात्र घेतेय, त्यांवर छापील मजकूर सापडेल.

फेस आलेल्या लाकडाचा फोटो आहे का कुणाकडे? आमच्याकडे गॅस.

माळरान
गावी बंब आहे अजून. रविवारी पेटवतो तेव्हा काढतो. लाकडं मात्र वाळलेली आहेत, एखादं मुद्दाम भिजवून ठेवायला सांगतो.

पाटावरवंटा
भिजवलेल्याला तसा फेस येत नाही. ताजं तोडलेलं बघा.