गिटार मागे गेली, मग बँड तोच राहिला का?

गोदाकाठचा_बेस:
ब्लॅक कंट्री, न्यू रोड या ब्रिटिश रॉक बँडचा 'फॉरएव्हर हाउलाँग' हा अल्बम (एप्रिल २०२५) बऱ्याचदा ऐकून झाला. वाजवतात भारी, वादच नाही. पण हा तो बँड नव्हे. २०२१च्या पहिल्या अल्बममध्ये गिटार अंगावर यायची. आता 'बेस्टीज' या गाण्याची सुरुवात हार्प्सिकॉर्डने, म्हणजे पियानोच्या जुन्या भावंडाने, आणि शीर्षकगीतात रेकॉर्डर, म्हणजे ती उभी धरायची बासरी! नाव तरी बदलायचं.

इंदिरानगरकर:
का म्हणून? गायक-गिटारिस्ट आयझॅक वुड २०२२मध्ये दुसरा अल्बम यायला चार दिवस असताना बाहेर पडला. बाकी सहा तेच आहेत. जुन्या गाण्यांवर त्यांना आरामात दौरे काढता आले असते. त्यांनी ती वाजवायचीच नाहीत असं ठरवलं आणि नवी गाणी घेऊन स्टेजवर उभे राहिले. २०२३चा 'लाइव्ह ॲट बुश हॉल' हा लाइव्ह अल्बम त्यातलाच.

सिडको_सहातारा:
ह्याची किंमत मला विचारा. कॉलेज रोडच्या एका कॅफेत आम्ही स्वतःचं गाणं सुरू केलं, की दुसऱ्या कडव्याला मागून आवाज येतो, "ओळखीचं काहीतरी होऊ दे!"
आणि बेसभाऊ, गिटार गेलेली नाही. पूर्वी एकच रिफ, म्हणजे सुरांचा छोटा तुकडा, घोटत आवाज चढवत न्यायचे, आता तारा छेडत बाकीच्यांमधल्या जागा भरतात. हे जास्त अवघड आहे. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं कॉर्ड बसायच्या आधी डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारं) मागतात, त्यांना हे ऐकवतो. तक्रार एकच: अल्बमचा निर्माता जेम्स फोर्डने सगळं फार गुळगुळीत करून ठेवलंय.

पंचवटी_तात्या:
रेडिओहेड या बँडने २०००मध्ये 'किड ए' अल्बममध्ये गिटार बाजूला ठेवली, तेव्हाही हीच बोंब होती.

गोदाकाठचा_बेस:
तात्या, तिथे गळा तोच होता ना! वुड अर्धं बोलायचा, अर्धं गायचा, मध्येच आवाज फाटायचा. आता टायलर हाइड, जॉर्जिया एलरी, मे कर्शॉ आलटूनपालटून गातात. सुरेल आहेत, पण पोटात खड्डा पडत नाही.

इंदिरानगरकर:
'मेरी' गाण्यात तिघी एकत्र गातात, ते ऐकूनही?

गोदाकाठचा_बेस:
त्यात नाही. 'फॉर द कोल्ड कंट्री' जिथे चढतं तिथे पडतो, कबूल. पण अकरा गाण्यांत एकदाच.

सिडको_सहातारा:
त्यातलंच 'नॅन्सी' हेडफोन लावून ऐक, मग बोल.