कोजागिरीसाठी वसंत देसाई : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-३०२, सांस्कृतिक समिती :
सर्व सभासदांना नमस्कार. कोजागिरीच्या संगीतसंध्येत यंदा एकाच संगीतकाराची गाणी घ्यावीत असे समितीच्या सभेत ठरले आहे. त्यासाठी मी वसंत देसाई यांचे नाव सुचवीत आहे. कोणाला हरकत असल्यास ती येथेच मोकळेपणाने मांडावी, म्हणजे तालमींना वेळेत सुरुवात करता येईल.

बी-१०४ :
काका, वसंतरावांविषयी मला आदर आहे, परंतु दोन शंका आहेत. पहिली अशी की, शंकर-जयकिशन किंवा मदन मोहन यांचे नाव जाहीर केले तर लोक आपणहून खाली उतरतील, वसंत देसाई म्हटल्यावर मात्र निम्म्या घरांत हे नेमके कोण असा प्रश्न पडेल. दुसरी शंका जास्त महत्त्वाची आहे. त्यांच्या चाली शास्त्रीय वळणाच्या आहेत आणि आपल्याकडे गाणारे बहुतेक सगळे हौशी आहेत. ‘झनक झनक पायल बाजे’चे शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँ यांनी अडाणा रागात गायले आहे. ते आपल्या क्लबहाउसमध्ये कोण गाणार?

ए-३०२, सांस्कृतिक समिती :
आपल्या दुसऱ्या शंकेला आधी उत्तर देतो, कारण तिच्यातच हे नाव सुचवण्याचे कारण आहे. अमीर खाँ यांना १९५५ साली अडाण्यातली ती चाल देणाऱ्या याच माणसाने १९६८ च्या ‘आशीर्वाद’मध्ये अशोक कुमार यांच्याकडून ‘रेलगाडी’ म्हणवून घेतली. हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे ते शब्द गाडीच्या वेगाने धावतात, त्यात तानेला जागा नाही आणि तिची गरजही नाही. समोर कोणता गळा आहे, तो कोणत्या प्रसंगी गाणार आहे आणि त्याच्या मागून कोणी गायचे आहे, हे आधी पाहून मग चाल बांधायची, अशी वसंतरावांची रीत त्यांच्या कामाकडे पाहिले की स्पष्ट दिसते. उस्ताद, नट, नवखी गायिका, शाळकरी मुले या सगळ्यांसाठी इतक्या सारख्या आस्थेने काम केलेला दुसरा संगीतकार हिंदी चित्रपटात मला तरी सापडत नाही.

ही दृष्टी त्यांना कोठून मिळाली असावी, हे त्यांच्या शिकाऊ उमेदवारीच्या काळात शोधावे लागते. त्यांचा जन्म ९ जून १९१२ चा, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातील कुडाळजवळच्या सोनवडे गावचा. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि वसंतराव विशीच्या आतच तेथे दाखल झाले. तेथे त्यांनी लहानसहान भूमिका केल्या, गाणी गायली, पडेल ते काम केले आणि गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे व मास्टर कृष्णराव यांच्या हाताखाली ते संगीत शिकत गेले. टेंबे हार्मोनियमचे आणि संगीत रंगभूमीचे, भोळे भावगीताचे व चिकित्सक समीक्षकाच्या कानाचे, तर कृष्णराव भास्करबुवा बखले यांचे शिष्य. एकाच कंपनीत एवढ्या वेगवेगळ्या प्रकृतीच्या तिघांचे काम जवळून पाहायला मिळणे हे भाग्यच म्हणायला हवे. पुढे शांतारामबापूंनी, म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी, परळला राजकमल कलामंदिर हा स्टुडिओ उभारला तेव्हा वसंतराव त्यांच्याबरोबर गेले आणि १९४३ च्या ‘शकुंतला’चे संगीत त्यांनी दिले.

‘दो आँखें बारह हाथ’मधील ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ या दृष्टीने पुन्हा ऐकावे अशी माझी विनंती आहे. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेली आणि गदिमांनी लिहिलेली ती कथा आहे. त्यातले कैदी खुनाची शिक्षा भोगणारे आहेत, म्हणजे प्रार्थना लताबाईंच्या आवाजात सुरू झाली तरी मागे साथ धरणारे कंठ गाण्यातले नाहीत. वसंतरावांनी भैरवीचे सूर घेतले, पण प्रत्येक ओळ अशी ठेवली की एकदा ऐकलेल्या माणसाला ती दुसऱ्यांदा सोबत म्हणता यावी. भरत व्यासांचे शब्दही तितकेच उघडे आणि सरळ आहेत. १९५७ पासून ही प्रार्थना देशभरातल्या शाळांत म्हटली जाते. ज्या मुलांना भैरवी म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांच्या तोंडी भैरवी बसवण्याचे काम या माणसाने केले आहे.

तेव्हा ‘झेपणार नाही’ असे कृपया म्हणू नये. आपल्याला झेपतील अशा चाली त्यांनी आपल्यासारख्यांसाठीच केलेल्या आहेत.

सी-२०१ :
काकांचे म्हणणे मला पूर्ण पटते आणि त्यात वाणी जयराम यांचे उदाहरण जोडावेसे वाटते. ‘गुड्डी’च्या वेळी हिंदी चित्रपटात त्या अगदी नवीन होत्या, पण त्याआधीच वसंतरावांनी त्यांच्याकडून ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातील ‘ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी’ हे गीत गाऊन घेतले होते आणि तेही कुमार गंधर्वांच्या सोबत. वेल्लोरमध्ये जन्मलेल्या एका तरुण गायिकेला मराठी शब्द देऊन कुमारजींच्या शेजारी उभे करण्यासाठी केवढा विश्वास लागला असेल! ‘गुड्डी’तील ‘बोले रे पपीहरा’ ही मियाँ मल्हार रागातली चाल त्यानंतरची, १९७१ ची. ती कठीणच आहे. आपल्या इमारतीत ती गाण्याचे धाडस मी करू शकेन, पण मला महिनाभराची तालीम हवी. समितीने वेळ दिल्यास आनंदाने गाईन.

बी-१०४ :
वहिनी, आपण ते गाणार असाल तर माझा निम्मा विरोध तेथेच मावळला. तरीही काका, आपल्याच मांडणीतून मला एक प्रश्न पडतो. संगीतकाराने प्रत्येक वेळी समोरच्या गळ्याप्रमाणे चाल बांधली तर त्याचे स्वतःचे असे काय उरते? मदन मोहन यांचे गाणे दोन ओळींत ओळखू येते. वसंत देसाई यांचे तसे येत नाही, आणि लोकांना त्यांचे नाव आठवत नाही त्याचे कारणही हेच असावे.

ए-३०२, सांस्कृतिक समिती :
प्रश्न रास्त आहे. चेहरा पाहून ओळखावे अशी त्यांची चाल नसते हे मी मान्य करतो. माझ्या मते त्यांची खूण गाण्याच्या रचनेत आहे. शब्द कधीही वाद्यांखाली दबत नाही, रागाचे स्वरूप मोडत नाही आणि त्याचे प्रदर्शनही होत नाही. ‘गूंज उठी शहनाई’ आठवून पाहा. १९५९ च्या या चित्रपटात बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई आहे, शिवाय अमीर खाँ यांचे गायनही आहे. एवढी मोठी माणसे हाताशी असताना संगीतकाराला गाणेही त्याच थाटाचे करण्याचा मोह सहज झाला असता. पण ‘तेरे सुर और मेरे गीत’ बिहाग रागात राहूनही एखाद्या मुलीने घरात गुणगुणावे इतके हलके राहते. ‘दिल का खिलौना हाय टूट गया’मध्येही दुःख शहनाईवर सोपवलेले आहे आणि गायिकेकडे साधी ओळ ठेवलेली आहे. कोणाकडे काय सोपवायचे याचा हा विवेक, तोच मला त्यांचा स्वभाव वाटतो.

कलावंत हेरण्याच्या बाबतीतही हेच दिसते. ‘झनक झनक पायल बाजे’च्या पार्श्वसंगीतात शिवकुमार शर्मा यांचे संतूर वाजले, तेव्हा ते वाद्य चित्रपटाला जवळजवळ अपरिचित होते. त्याच चित्रपटात तबल्यावर सामताप्रसाद आहेत. पुढे १९६६ च्या ‘लडकी सह्याद्री की’मध्ये पंडित जसराज यांनी त्यांच्याकडे ‘वंदना करो’ गायले.

ए-१०१ :
ज्येष्ठ सभासद म्हणून थोडे बोलतो. आपण सर्वजण हिंदीचाच विचार करीत आहात. आमच्या पिढीला वसंतराव भेटले ते नाटकांतून आणि मराठी चित्रपटांतून. ‘पंडितराज जगन्नाथ’मधील ‘जय गंगे भागीरथी’ आणि ‘जय जय गौरीशंकर’मधील ‘नारायणा रमारमणा’ ही पदे त्यांचीच. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’मध्ये जयराम शिलेदारांनी गायलेली ‘सुंदरा मनामध्ये भरली’ ही लावणी, १९५१ च्या ‘अमर भूपाळी’तील ‘घनश्याम सुंदरा’ आणि १९५३ च्या ‘श्यामची आई’तील ‘छडी लागे छम छम’ ही गाणी शेजारी शेजारी ठेवून पाहा. शाहिराची बैठकीची लावणी, पहाटेची भूपाळी आणि वर्गातल्या पोरांचा दंगा, तिन्ही जागच्या जागी बसलेले आहे. ‘श्यामची आई’तच अत्र्यांनी लिहिलेले आणि आशाबाईंनी गायलेले ‘भरजरी ग पितांबर दिला फाडून’ आहे. ते कार्यक्रमात नसेल तर मी खाली येणार नाही, हे समितीने कृपया लक्षात घ्यावे.

डी-५०३ :
आजोबा, ते गाणे माझी आई गाईल, आपण नक्की यावे. मी लहान मुलांच्या गटाची जबाबदारी घेऊ इच्छिते. मुंबईतील हजारो शाळकरी मुलांना एकत्र आणून एका सुरात गाण्याचा ‘एक सूर एक ताल’ हा उपक्रम वसंतरावांनी मनापासून चालवला होता. मुलांकडून ‘ऐ मालिक’ घ्यावे की ‘हम को मन की शक्ति देना’, याबद्दल काकांचे मत हवे आहे.

ए-३०२, सांस्कृतिक समिती :
माझे मत ‘गुड्डी’तील प्रार्थनेला आहे. ‘ऐ मालिक’ अधिक प्रसिद्ध आहे, परंतु ‘हम को मन की शक्ति देना’ घडणीने अधिक नाजूक आहे असे मला वाटते. केदारासारखा राग आणि गुलजारांचे शब्द त्यांनी शाळेच्या सकाळच्या रांगेत आणून ठेवले आणि तरीही मुले ती प्रार्थना विनासायास म्हणतात. एक सूचना मात्र करतो. मुलांची पट्टी, म्हणजे गाण्याच्या सुराची उंची, ठरवताना मोठ्यांच्या सोयीकडे पाहू नये, नाहीतर अंतऱ्यात मुलांना ओरडावे लागते.

याच संदर्भात एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते म्हणून लिहितो. २३ ऑक्टोबर १९६६ रोजी एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात ‘मैत्रीं भजत’ हे संस्कृत गीत गायले. त्याचे शब्द कांची मठाचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांचे आणि चाल वसंत देसाई यांची. दक्षिणेतील आचार्यांचे शब्द, कर्नाटक संगीतातील सर्वश्रेष्ठ गायिकांपैकी एक, आणि चाल मात्र कुडाळकडच्या माणसाची! ती चालही अशी की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आशय स्वरांवरूनच उमगावा.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत, राहत्या इमारतीच्या लिफ्टमधील अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे त्रेसष्ट होते आणि काम चालू होते. नाव मागे पडण्याचे कारण बी-१०४ यांनी शैलीत शोधले. मला वाटते, प्रार्थना झालेल्या गाण्याचा कर्ता कोणी विचारत नाही, तेव्हा ती विचारणा आपणच करायला हवी. म्हणून प्रत्येक गाण्यापूर्वी कवी, गायक आणि मूळ कलाकृती यांची दोन वाक्यांत माहिती सांगितली जावी असा माझा आग्रह आहे.

बी-१०४ :
मान्य आहे. माझी हरकत मी मागे घेतो आणि ती निवेदने लिहिण्याचे काम स्वतःकडे घेतो. मजकूर आजोबांना आधी दाखवीन. वहिनींच्या ‘बोले रे पपीहरा’ला पेटी मी धरीन, तबल्यासाठी ई विंगमधील दादांना विचारावे.

सी-२०१ :
उत्तम. ‘ऋणानुबंधाच्या’साठी पुरुष आवाज हवा आहे. कुमारजींच्या गायकीतल्या बारीक जागा कोणाकडून अपेक्षित नाहीत, परंतु शब्द स्वच्छ आणि सूर पक्का हवा. इच्छुकांनी मला आपली पट्टी कळवावी, पहिली तालीम येत्या रविवारी सायंकाळी सहा वाजता क्लबहाउसमध्ये ठेवू.