मदत हवी आहे : अ‍ॅलिस्टर मॅकलिन यांच्यावर बोलायचे आहे

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या लहानशा वाचक गटात पुढील महिन्यात थरारक कादंबरीकार अ‍ॅलिस्टर मॅकलिन यांच्या जीवनावर मी बोलणार आहे. १९२२ मध्ये ग्लासगोत जन्मलेले आणि घरी गेलिक ही स्कॉटलंडमधील भाषा बोलणारे हे धर्मोपदेशकाचे चिरंजीव दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते. पुढे शाळेत शिकवत असताना १९५४ मध्ये एका वृत्तपत्राची कथास्पर्धा त्यांनी जिंकली आणि त्यानंतर प्रकाशकाच्या आग्रहावरून लिहिलेली ‘एच. एम. एस. युलिसिस’ ही पहिली कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या कादंबरीतला, उत्तर ध्रुवाजवळच्या आर्क्टिक समुद्रातील गारठा स्वतः सोसल्याशिवाय कोणाला असा लिहिता येईल, असे मला वाटत नाही. पुढे त्यांनी ‘इयान स्टुअर्ट’ या टोपणनावानेही दोन कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांच्या कादंबऱ्यांचे जुने मराठी अनुवाद किंवा त्यांच्यावरील मासिकांतील लेख आपल्यापैकी कोणाच्या संग्रही आहेत का? तसेच ‘युलिसिस’मध्ये येणाऱ्या, युद्धनौकांच्या संरक्षणात जाणाऱ्या मालवाहू जहाजांच्या ‘कॉन्व्हॉय’ला नुसते ‘ताफा’ म्हणणे पुरेसे होईल का, हे नौदलातील जाणकारांनी कृपया सांगावे. पुस्तके मी स्वतः येऊन घेईन आणि आठवड्याभरात जपून परत करीन.