गेटवर अ‍ॅप आणायचा ठराव आलाय, विरोध करावा का?

दुसरा_मजला
मुलुंडला आमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये ठराव येतोय. गेटवरची वही बंद, अ‍ॅप सुरू. येणाऱ्याचा फोटो, मोबाइल नंबर, कुणाकडे आला, कधी गेला, सगळं त्यात. कामवाल्या मावश्यांची हजेरीही. त्यासाठी सेक्रेटरींनी मावश्यांच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागवलेत आणि लोक बिनदिक्कत टाकतायत! हेच लोक स्वतःचा डीपी फक्त कॉन्टॅक्टना दिसेल असा ठेवतात. माझं मत विरोधात. तुमच्याकडे काय केलंत?

खजिनदार_बोरिवली
आमच्याकडे अ‍ॅप आहे, कुणाचं काही बिघडलेलं नाही. सायकल चोरीला गेली की हेच सभासद कमिटीच्या उरावर बसतात, तेव्हा नोंद लागते. माझी माहिती बँकेकडे आहे, मोबाइल कंपनीकडे आहे, भाजी आणून देणाऱ्यांकडेही आहे. लपवायचं काही नाही त्याने घाबरावं कशाला?

ठाण्याच्या_अलीकडे
काका, मग फ्लॅट नंबर, मेंटेनन्सची थकबाकी आणि शुगरचा रिपोर्ट टाका इथे.

खजिनदार_बोरिवली
थकबाकी नोटीस बोर्डावर लागतेच आमच्याकडे.

चाळ_ते_टॉवर
गिरगावात वाढलो. कुणाकडे पाहुणे आले, ते जेवून गेले की चहावर बोळवण झाली, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक असायचं. प्रायव्हसी हे टॉवरवाल्यांचं खूळ आहे.

दुसरा_मजला
चाळीत ज्यांना तुमचं माहीत होतं त्यांचं तुम्हालाही माहीत होतं, फिटंफाट. या अ‍ॅपवाल्यांचं तुम्हाला काय माहीत आहे? नोंदी किती वर्षं ठेवणार, सोसायटीने करार मोडला तर पुसणार का, हे विचारलं तर सेक्रेटरी म्हणतात, 'कंपनी मोठी आहे.'

रात्रपाळी
मी ठरावाच्या बाजूने मत देईन, आणि ते त्या वहीमुळे. अंधेरीला मैत्रिणीकडे गेले, वहीत नाव-नंबर लिहिला. रात्री अनोळखी नंबरवरून मेसेज, 'पोचलात का?' माझ्यानंतर त्या पानावर लिहिणाऱ्या कुणीही नंबर उचलला असेल. भरलेल्या वह्या पुढे कुठे जातात? रद्दीतच ना? अ‍ॅपमध्ये निदान एका पाहुण्याचा नंबर दुसऱ्याला वाचता येत नाही. बाईमाणसाला हा फरक मोठा आहे हो.

दुसरा_मजला
ताई, वहीची तरफदारी मीही करत नाहीये. पण नंबर घ्यायचाच कशाला? इंटरकॉमवर घरी विचारायचं आणि सोडायचं.

खजिनदार_बोरिवली
अर्ध्या घरांचा इंटरकॉम बंद असतो. तुम्ही कमिटीत या एकदा.

कागदपत्रवाला
थोडं कायद्याचं. ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल माहितीसाठी वेगळा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण संमती घेणं, माहिती पुसणं वगैरे मुख्य तरतुदींना तिथून १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ उजाडणार. तोवर सेक्रेटरींना कायद्याचा धाक दाखवून फार काही होणार नाही. आधारचा फोटो मात्र ग्रुपवरून आजच काढायला लावा. अगदी द्यायचंच असेल तर 'मास्क्ड आधार' डाउनलोड होतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

खजिनदार_बोरिवली
घरगुती वापराला सूट आहे ना त्या कायद्यात?

कागदपत्रवाला
आहे, पण एखाद्या व्यक्तीच्या खासगी किंवा घरगुती कामापुरती. सोसायटी नोंदणीकृत संस्था आहे, काका.

भांडुपची
माझी आई मुलुंडला घरकाम करते. तिच्या येण्याजाण्याची नोंद तीन सोसायट्यांच्या अ‍ॅपमध्ये आहे. एका वहिनींनी फोन पुढे करून विचारलं, आमच्याकडून दहाला निघालीस, बी विंगला साडेदहाला पोचलीस, मधे कुठे होतीस? ती जिन्यात बसून डबा खात होती. तिला स्टारही देतात म्हणे, ते तिला दिसत नाहीत. तुम्ही सगळे आपापल्या नंबरचं बोलताय. तिचा फोटो काढताना तिला कुणी विचारलं?

चाळ_ते_टॉवर
हे मात्र चुकीचं. माझा शब्द मागे नाही घेत, पण हे चुकीचं.

खजिनदार_बोरिवली
वहिनींचं समर्थन नाही. पण घरकामगारांची पडताळणी करा असं पोलीसच सांगतात.

भांडुपची
तो फॉर्म पोलीस ठाण्यात द्यायचा असतो. ग्रुपवर नाही.

रात्रपाळी
दुसरा मजला, सरळ विरोध केलात तर पडाल. दुरुस्ती सुचवा: पाहुण्यांसाठी अ‍ॅप चालेल, नोंद तीस दिवसांनी पुसायची, मावश्यांची हजेरी आणि स्टार बाद. मग मीही तुमच्या बाजूने.

दुसरा_मजला
लेखी देतो. सूचक मी, अनुमोदक शोधतोय.

ठाण्याच्या_अलीकडे
आधी माणसं जमवा. पहिल्या अर्ध्या तासात कोरम होत नाही, मग तहकूब सभेत जी पाचदहा टाळकी उरतात तीच हात वर करतात. त्यात सेक्रेटरींचे मेहुणे असतातच.