एफ-२ व्हिसा की जे-२? नवरा आणि मुलगी सोबत येताहेत

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये अमेरिकेत पीएचडीला रुजू होतेय. असिस्टंटशिप (विद्यापीठातलं शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम) आहे, फी माफ. नवरा आणि साडेचार वर्षांची मुलगी बरोबर येणार. तिघांचे आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) निघताहेत. नवरा सिव्हिल इंजिनियर. ‘वर्षभर आराम करतो, मग बघू नोकरीचं’ म्हणतो. शाळेचं कसं असतं? आणखी काय बघून ठेवू?

———

ताई, अभिनंदन! पण आय-२० निघायच्या आत हे वाचा.

आय-२० म्हणजे तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आणि ते दोघं एफ-२ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. एफ-२ वर ‘मग बघू’ नसतं. नोकरी करताच येत नाही, वर्षभरानंतरही नाही. २०१५ पासून अर्धवेळ शिकता येतं. पूर्णवेळ शिकायचं तर आधी एफ-१ मंजूर व्हायला हवा. सोशल सिक्युरिटी नंबरही (नोकरी, कर यांसाठीचा सरकारी क्रमांक) मिळत नाही. तो मिळत नसल्याचं पत्र सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसातून आणून ठेवा, बऱ्याच राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्ससाठी तेच मागतात. मी स्वतः एफ-२ वर आले होते. भर दुपारी विद्यार्थ्यांच्या अपार्टमेंटमागे आमचं संमेलनच भरायचं: एक डेंटिस्ट, एक सीए आणि मी, तिघंही मुलांना झोके द्यायला. पहिले दोन महिने मजा येते.

तुमचा खर्च विद्यापीठ करतंय, म्हणजे जे-१ (एक्स्चेंज व्हिसा; कुटुंबीयांना जे-२) मागून बघता येईल. मग आय-२० ऐवजी डीएस-२०१९ निघतो. जे-२ वरच्या जोडीदाराला इथे पोचल्यावर आय-७६५ फॉर्म भरून वर्क परमिट मागता येतो; फक्त ती कमाई तुमच्या खर्चासाठी नको. परमिट यायला महिने जाऊ शकतात, तोवर आराम होईलच त्यांचा.

दुसरी बाजूही बघा. एफ-१ वर स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) पदवीनंतर ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची मुभा, ३६ महिन्यांपर्यंत जाते. जे-१ वर तशीच मुभा, अकॅडेमिक ट्रेनिंग, एरवी १८ महिने, पीएचडीनंतर पोस्टडॉक केलात तर ३६. तुम्हाला थेट कंपनीत जायचं असेल तर हा हिशेब आधी मांडा. माझं मत विचाराल तर पाच-सहा वर्षं हाताला काम नसलेला जोडीदार ही जास्त मोठी किंमत आहे.

विम्याचं नीट विचारा. तुमचा बहुधा असिस्टंटशिपमध्ये असेल, त्या दोघांचा नसतो, आणि जे वर तो सक्तीचा. स्टायपेंडचा मोठा लचका तिथेच जातो.

सरकारी शाळेत किंडरगार्टन साधारण पाच पूर्ण झाल्यावर, फी नाही. कटऑफ तारीख राज्याप्रमाणे बदलते, आणि शाळा बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून ठरते, म्हणून लीजवर सही करायच्या आधी शाळा बघा. लसीकरणाचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा.

———

ताई, नवऱ्याला वाचून दाखवलं. आराम रद्द! पण जे-१ नंतर दोन वर्षं भारतात राहावं लागतं ना?

———

सरसकट नाही. सरकारी पैशावर आलात किंवा डॉक्टरकीचं प्रशिक्षण घेतलंत तर लागतं. तिसरं कारण होतं स्किल्स लिस्ट, म्हणजे कुठल्या देशाला कुठली कौशल्यं हवीत याची अमेरिकी सरकारची यादी. तिच्यातून भारताचं नाव डिसेंबर २०२४ मध्ये निघालं. असिस्टंटशिपचा पैसा नेमका कुठल्या खात्यातून येतो ते इंटरनॅशनल ऑफिसकडून लेखी घ्या.