खाजगी कोविड रुग्णालयाचं अंतरिम बिल हातात आलंय. कुठल्या ओळी तपासायच्या आणि कशा?

गोदाकाठ | १४ मे २०२१, सकाळी ९.४०

नाशिकमधलं खाजगी रुग्णालय. पेशंट ५८ वर्षांचे, मधुमेह आहे. ५ दिवस वॉर्डात आणि ४ दिवस आयसीयूत (व्हेंटिलेटर लागला नाही, मास्कवर ऑक्सिजन). परवा डिस्चार्ज मिळेल असं दिसतंय. मेडिक्लेम नाही. अंतरिम बिल असं आहे:

वॉर्ड ५ × ४,००० = २०,०००
आयसीयू ४ × ७,५०० = ३०,०००
डॉक्टर व्हिजिट १८,०००
नर्सिंग ९,०००
पीपीई ९ × ३,००० = २७,०००
लॅब ३१,५००
बायोमेडिकल वेस्ट ४,५००
मॉनिटर व ऑक्सिजन २२,०००
फार्मसी ९६,०००
एकूण २,५८,०००

बेडचे दर सरकारी आहेत, तेवढं समजलं. बाकीचं वेगळं लावता येतं का? आणि हरकत घ्यायची तर कोणाकडे, डिस्चार्जच्या आधी की नंतर?


ताळेबंद | १४ मे, सकाळी ११.१५

आधी एक गोष्ट विचारून घ्या: पेशंट ८० टक्क्यांतल्या बेडवर आहे की २० टक्क्यांतल्या? २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खाजगी रुग्णालयांतले ८० टक्के बेड दरनियंत्रणाखाली आणले, उरलेल्या २० टक्क्यांवर रुग्णालय स्वतःचे दर लावू शकतं. सगळ्या वादाचं मूळ इथे असतं आणि भरती होताना कोणी विचारत नाही. तुमच्या बिलात ४,००० आणि ७,५०० हेच आकडे आहेत, म्हणजे रुग्णालयाने स्वतःच नियंत्रित दर मान्य केलाय. ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट. बेड सरकारी दराने आणि बाकी ओळी आपल्या दराने, असं दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही.

४,००० (वॉर्ड), ७,५०० (व्हेंटिलेटरविना आयसीयू) आणि ९,००० (व्हेंटिलेटरसह) हे नुसतं खाटेचं भाडं नाही, दिवसाचं पॅकेज आहे. त्यात मॉनिटरिंग, डॉक्टरांची तपासणी, नर्सिंग, जेवण, औषधं, नाकातून घालायची अन्ननळी, लघवीची नळी, तसंच सीबीसी, लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी आणि टूडी एको एवढं सगळं धरलेलं आहे.

बाहेर काय राहतं? पीपीई, कोविडची चाचणी, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) किंवा ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका तपासणं) यांसारख्या प्रक्रिया, मेरोपेनेम, टोसिलिझुमॅब, इम्युनोग्लोब्युलिन अशी महागडी औषधं (एमआरपीने), आणि सीटी, एमआरआय किंवा यादीत नसलेल्या रक्ततपासण्या. या प्रक्रिया आणि तपासण्यांना त्या रुग्णालयाचा ३१ डिसेंबर २०१९ रोजीचा दर लागतो, आजचा नाही. ते दरपत्रक मागा.

आता तुमचं बिल. व्हिजिट १८,०००, नर्सिंग ९,०००, वेस्ट ४,५०० (हे बाहेरच्या यादीत नाहीच) हे ३१,५०० सरळ उडतात. २२,००० मधला मॉनिटरचा भागही जातो, म्हणून ती ओळ फोडून मागा. लॅबमध्ये सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच, आयएल-६ वेगळे लागू शकतात. सीबीसी आणि क्रिएटिनिन नाही. फाइलमधले छापील रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि बिलाशी जुळवा. बिलात ९ वेळा डी-डायमर आणि फाइलमध्ये रिपोर्ट ५, असं सर्रास निघतं. कारण पॅनेल (तपासण्यांचा संच) रोजचं म्हणून संगणकात टाकून ठेवलेलं असतं आणि रक्त काही दिवशी घेतलेलंच नसतं.

पीपीईचं गणित रुग्णालयालाच करायला लावा. समजा २० खाटांचा वॉर्ड. एका पाळीत २ सिस्टर, १ डॉक्टर, १ मामा, १ मावशी, म्हणजे ५ किट. तीन पाळ्यांचे १५. एका पेशंटमागे दिवसाला एक किटसुद्धा पडत नाही. आयसीयूत माणसं जास्त आणि खाटा कमी, तिथे आकडा वाढणार हे मान्य. पण ३,००० रोज कुठल्या हिशेबाने, ते किटच्या खरेदीच्या पावतीसकट दाखवायला सांगा.

दिवसांची मोजणीही बघा. वॉर्डातून आयसीयूत हलवलं त्या तारखेला दोन्ही दर लागलेत का? एका तारखेला एकच दर.

हरकत डिस्चार्जच्या आधी, लेखी. महापालिकेने खाजगी कोविड रुग्णालयांसाठी लेखापरीक्षक नेमलेत. बिलिंग काउंटरवर त्यांचं नाव आणि नंबर मागा. अर्जात आयपीडी नंबर (भरती क्रमांक), भरतीची तारीख, ओळ क्रमांक आणि हरकतीची रक्कम एवढंच लिहा. रागाचा मजकूर घातलात तर अर्ज बाजूला पडतो. प्रतीवर आवक शिक्का घ्या.


फार्मसी_काउंटर | १४ मे, दुपारी २.०५

९६ हजारांच्या फार्मसीबद्दल.

एकूण रक्कम बघून काही कळत नाही. बॅच नंबरसकट आयटमवार बिल मागा आणि तीन ढीग करा. पहिला, पॅकेजच्या आतला: पॅरासिटामॉल, पॅन्टोप्रॅझोल, डेक्सामेथासोन, सलाइन, सिरिंज, आयव्ही सेट, ग्लोव्हज. दुसरा, नक्की बाहेरचा: मेरोपेनेम आणि त्याच्या वरची. तिसरा, वादाचा: एनॉक्सापॅरिनसारखी (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी) इंजेक्शनं. रेमडेसिविर अधिसूचनेत नावाने नाही, पण 'यांसारखी महागडी औषधं' या शब्दांत ते बसवतात. त्यावर भांडण्यात दम नाही, किमतीवर भांडा.

रेमडेसिविरचे दर १७ एप्रिलला कंपन्यांनी उतरवले. आता ब्रँडप्रमाणे १०० मिग्रॅच्या कुपीची एमआरपी ८९९ पासून ३,४९० पर्यंत आहे. जुन्या छापील किमतीने ५,४०० लावलं असेल तर तिथेच बोट ठेवा. कोर्स ५ दिवसांचा: पहिल्या दिवशी २ कुप्या, पुढे रोज १, एकूण ६. जास्त दिसल्या तर ट्रीटमेंट चार्टवर डोस आणि वेळ लिहिलीय का ते बघा. बऱ्याच ठिकाणी कुपीचं लेबल केस पेपरवर चिकटवतात; त्यावरचा बॅच नंबर आणि बिलातला बॅच नंबर एकच हवा. कुपी तुम्ही बाहेरून आणून दिली असेल तर ती पुन्हा बिलात आलेली नाही ना, हे आधी.

सगळ्यात जास्त पैसे रिटर्नमध्ये अडकतात. इंडेंट (वॉर्डाची औषधांची मागणी) सकाळी एकगठ्ठा येतो, तीन दिवसांचं औषध वॉर्डात जातं, दुसऱ्या दिवशी डॉक्टर अँटिबायोटिक बदलतात, आणि उरलेल्या कुप्या वॉर्डाच्या ट्रॉलीत पडून राहतात. त्या फार्मसीत परत गेल्या तरच बिलात वजा होतात. मेरोपेनेम १ ग्रॅम दिवसातून तीनदा असतं, म्हणजे दोन दिवस आधी बंद झालं तर ६ कुप्या. बिलात वजा चिन्हाची एकही ओळ नसेल तर रिटर्न झालेलंच नाही असं समजा. पेशंट वॉर्डातून आयसीयूत गेला ती तारीख खास तपासा, जुन्या ट्रॉलीतलं सामान क्वचितच मागोमाग येतं.

उगाच संशय घेऊ नये अशाही ओळी असतात. मधुमेही माणूस स्टेरॉइडवर असेल तर साखर दिवसातून चारदा बघतात, ९ दिवसांत ३६ स्ट्रिप्स बरोबरच आहेत. रेमडेसिविर सलाइनमधूनच द्यावं लागतं, त्यामुळे १०० मिलीच्या बाटल्याही दिसणार.


आयसीयू_रात्रपाळी | १४ मे, रात्री ११.५०

रुग्णालयाच्या बाजूनेही थोडं. ऑक्सिजनची ओळ बघून लोक खवळतात, पण प्रवाह किती होता यावर सगळं आहे. नाकातल्या नळीने मिनिटाला ४ लिटर म्हणजे दिवसाला ५,७६० लिटर, एक जंबो सिलिंडर (सुमारे ७,००० लिटर) पुरून उरतो. पिशवीच्या मास्कवर १५ लिटर म्हणजे दिवसाला २१,६००, तीन जंबो. हाय फ्लोवर (नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारं यंत्र) ६० लिटर आणि पूर्ण ऑक्सिजन असेल तर ८६,४००, म्हणजे बारा जंबोंहून जास्त. लिक्विड टँक नसलेल्या छोट्या रुग्णालयाचं कंबरडं इथे मोडतं.

म्हणून ऑक्सिजनचे तास न मागता आयसीयू चार्टची प्रत मागा. त्यात दर तासाला प्रवाह आणि एसपीओ२ (रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी) लिहिलेलं असतं. चार्टवर ४ लिटर आणि बिल मास्कच्या दराचं, असं असेल तर हरकत पक्की. ज्या दिवशी ९,००० चा दर लावला त्या दिवसाचं व्हेंटिलेटरचं भाडं वेगळं येत असेल तर तेही.

एक विनंती. हे सगळं बिलिंगला किंवा मेडिकल सुपरिंटेंडेंटला विचारा, आयसीयूच्या दारावर सिस्टरला नाही. तिला बिल दिसतसुद्धा नाही. फोनला घरातला एकच माणूस ठेवा; पाच नातेवाइकांना पाच वेळा सांगताना माहिती दर वेळी थोडी बदलते आणि मग 'सकाळी वेगळं सांगितलं होतं' सुरू होतं.

आणि डिस्चार्जला कवळी, चष्मा, कानाचं यंत्र, मोबाइल, चार्जर मोजून घ्या. वॉर्ड ते आयसीयू हलवताना कवळी हमखास हरवते, कारण ती काढून टिश्यूत गुंडाळतात आणि टिश्यू कचऱ्यात जातो. झाकणाच्या डबीवर नाव लिहून आत दिली की राहते.


गोदाकाठ | १५ मे, सकाळी ८.२०

सगळ्यांचे आभार. आयटमवार बिल आणि चार्ट मागितलाय. बिलिंगवाले म्हणतात, केस पेपर देत नाही. आणि उरलेली रक्कम रोख भरा. दोन लाखांवर रोख चालते का?


क्लेमवाली | १५ मे, सकाळी १०.३०

केस पेपर: मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने लेखी मागणी केली की ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. झेरॉक्सचे पैसे ते घेऊ शकतात. अर्जावर पेशंटची सही घ्या, आधारची प्रत जोडा.

रोख: एरवी आयकराच्या २६९एसटी कलमाखाली २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. कोविड उपचारांसाठी १ एप्रिल ते ३१ मे २०२१ एवढ्यापुरती सूट दिलीय, पण पेशंटचा आणि पैसे भरणाऱ्याचा पॅन किंवा आधार आणि दोघांचं नातं नोंदवावं लागतं. तरीही रोख देऊच नका. हरकत असलेली रक्कम तर नाहीच. भरावीच लागली तर ऑनलाइन भरा आणि पावतीच्या प्रतीवर 'हरकत नोंदवून रक्कम भरली' असं लिहून सही, तारीख. बिलासाठी पेशंटला अडवून ठेवणं बेकायदा आहे. पण त्या रागात 'स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जातो' या कागदावर सही करू नका, पुढच्या प्रत्येक ठिकाणी तो कागद आडवा येतो.

मेडिक्लेम असलेल्यांनी वाचावं म्हणून: वरचे दर विमा नसलेल्यांसाठी किंवा विम्याची रक्कम संपलेल्यांसाठी आहेत. विमा असेल तर कंपनीचा आणि रुग्णालयाचा ठरलेला दर चालतो. विमा मध्येच संपला तर उरलेल्या दिवसांना सरकारी दर लावून मागा. कॅशलेसमध्ये डिस्चार्जचं अंतिम बिल गेल्यावर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा, असं आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरच्या नियामकाने) एप्रिलअखेरीस बजावलंय. उशीर बहुतेक वेळा कंपनीकडे नसतो. बिल टीपीएकडे (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे) गेलेलंच नसतं, कारण फार्मसीने रिटर्न बंद केलेले नसतात. आदल्या संध्याकाळीच ते उरकायला सांगा.

आरटीपीसीआर निगेटिव्ह पण सीटीत न्यूमोनिया, अशा पेशंटचे क्लेम अडकतात. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'व्हायरल न्यूमोनिया' लिहून घेऊ नका. संशयित कोविड, लक्षणं व सीटीवरून निदान, असं स्पष्ट हवं. आजाराचा कोड यू०७.२. चाचणी पॉझिटिव्ह असेल तर यू०७.१. कार्ड छापल्यावर दुरुस्ती करून घेणं म्हणजे चार चकरा.


ताळेबंद | १५ मे, दुपारी १२.१०

सीटी बाहेर केला असेल तर तेही बघा: १६ स्लाइसपर्यंत २,०००, १६ ते ६४ ला २,५००, त्यावर ३,०००. फिल्म, रिपोर्ट, पीपीई, सॅनिटायझेशन, जीएसटी सगळं धरून. यंत्र कुठल्या क्षमतेचं, हे रिपोर्टवर लिहिणं बंधनकारक आहे. आरटीपीसीआर १ एप्रिलपासून रुग्णालयातून नमुना घेतला तर ६००.

महात्मा फुले योजना (राज्य सरकारची मोफत उपचारांची) मे २०२० पासून राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली आहे, पण यादीतल्या रुग्णालयातच आणि ठरलेल्या पॅकेजमध्ये बसलं तर. भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या माणसाला, गाठायचं (योजनेचा फोन १५५३८८). डिस्चार्जनंतर योजनेत घाला म्हटलं की कोणी ऐकत नाही.


ताळेबंद | २ जून, सकाळी ९.०५

धागा वर आणतोय, कारण दर बदलले. काल नवी अधिसूचना निघाली, शहरांचे तीन गट केलेत. मुंबई, पुणे महानगर क्षेत्र आणि नागपूर 'अ' गटात, तिथे ४,०००, ७,५००, ९,००० तसेच. नाशिक 'ब' गटात: वॉर्ड ३,०००, व्हेंटिलेटरविना आयसीयू ५,५००, व्हेंटिलेटरसह ६,७००. 'क' गटाला २,४००, ४,५०० आणि ५,४००. कालपासून पुढच्या तारखांचं बिल असेल तर नव्या दराने तपासा. आधीच्या दिवसांना जुनाच दर धरून चाला. भरती मेमध्ये आणि डिस्चार्ज जूनमध्ये असेल तर बिल तारखेवर दोन तुकड्यांत मागा, नाहीतर सॉफ्टवेअर भरतीच्या दिवशीचा दर शेवटपर्यंत ओढत नेतं.